पेट्राचे फोटो टाकणाऱ्यांनो, खरोसाला गेलात का?

डोंगरात कोरलेलं जॉर्डनचं पेट्रा १९८५ पासून जागतिक वारसा आहे. तिथले फोटो आपण हौसेनं शेअर करतो. पण लातूरकरांनो, औसा तालुक्यातली खरोसाची लेणी किती जणांनी पाहिलीत? सहाव्या शतकातली. बुद्ध, नरसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय, सगळे एकाच डोंगरात!

वेरूळचा बसाल्ट टणक. खरोसाचा जांभा सच्छिद्र. पाणी मुरतं, मूर्तींचे चेहरे झिजत जातात. त्यात आपली पोरं खिळ्यानं बदाम कोरणार. (पोरंच कशाला, मोठेही.)

कमान, कारंजं, सेल्फी पॉइंट काही नको. माथ्यावरचं पाणी वळवायला चर खोदा आणि बारमाही पगारी राखणदार नेमा. मत मागायला येईल त्याला एवढंच विचारा: खरोसाचं काय?