आम्ही अश्वमेधाचे घोडे नाही



मी कॉलेजात धावत होतो. दहा हजार मीटर. पहाटे बांधीच्या धुऱ्यावरून, अनवाणी पायांनी. पायात काटा मोडला तर थुंकी लावायची आणि पुढं पळायचं. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी निवड झाली, तेव्हा वाटलं, आता बूट मिळतील. बूट मिळाले नाहीत. पावतीबुक मिळालं.

‘वार्षिक क्रीडा देणगी’ असं त्यावर छापलेलं. प्रत्येक खेळाडूनं वीस पावत्या खपवायच्या. नाही खपवल्या तर ट्रॅकसूट नाही. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राइस मिलच्या शेठपुढं जाऊन उभा राहिलो. शेठनं पावतीबुकाकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

“कोनाचा गा तू? आडनाव काय?”

सांगितलं. शेठचा चेहरा बदलला. मग हसला. “द्या रे याले एकशे एक. अन् फोटो काढा.” फोटो निघाला. स्नेहसंमेलनात शेठ पहिल्या रांगेत, गळ्यात हार. भिंतीवर देणगीदारांचा फलक, त्यावर शेठचं नाव रंगवलेलं. मी मागच्या दाराशी उभा होतो, खुर्च्या उचलायला.

घरी येऊन मायला सांगितलं. माय विड्या वळायची. हजार विड्या मोजून दिल्या, तरी त्यातल्या किती बाद होतील हे ठेकेदार ठरवायचा, म्हणून तिला मोजदादीचं पक्कं भान. तिनं विचारलं, “तू फी भरतेस का नाही कॉलेजात?”

“भरतो.”

“त्यात खेळाचा पैसा हाये का नाही?”

“आहे.”

“मंग तू देल्ला नं पैसा! हिसाब मांग. हिसाब मांगाले लाज कायची?”

मी हिशोब मागितला नाही. भ्यालो. त्या भित्र्या पोराचं कर्ज फेडायला आज हे लिहितो आहे.

आधी सरळ गणित मांडू. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ ला सुरू झालं. २०२३ मध्ये त्याची शंभरी झाली. भंडाऱ्यातली कॉलेजं त्याच्याच छत्राखाली. प्रवेशाच्या वेळी फीच्या पावतीत खेळाची एक ओळ असते. पोरगा मैदानावर गेला काय, न गेला काय, ती रक्कम कापली जाते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्यांचं काय? त्या योजनेच्या नियमांत परत न मिळणाऱ्या सक्तीच्या शुल्कांत खेळाचं शुल्क स्पष्ट धरलेलं आहे. म्हणजे आपल्या नावावर सरकारी तिजोरीतून पैसा येतो. समजा एका कॉलेजात हजार पोरं आहेत आणि शुल्क शंभर रुपये आहे. झाले एक लाख. वर्षाला. दरवर्षी. न चुकता. न हार घालता. न फोटो काढता.

आता सांगा, खेळाचा खरा देणगीदार कोण? पाच हजार देऊन फलकावर नाव रंगवणारा शेठ, का कँटीनचा चहा वाचवून फी भरणारी, धानाची रोवणी करणाऱ्या बाईची पोट्टी?

देणगी आणि वर्गणी हे दोन शब्द आपण एकाच पिशवीत कोंबतो. हीच घोडचूक. देणगी वरून खाली पडते. देणारा उभा, घेणारा वाकलेला. देणगी देणारा मंचावरची खुर्ची विकत घेतो. वर्गणी बाजूच्याकडून बाजूच्याला जाते. वर्गणी देणारा हिशोब विचारायचा हक्क राखतो. देणगीची पावती फाडली की विषय संपला. वर्गणीची पावती फाडली की विषय सुरू होतो. विद्यापीठाच्या खेळाला दरवर्षी पैसा लागतोच, याबद्दल माझं भांडण नाही. तो कुणाच्या नावानं गोळा होतो, आणि तो दिल्यावर कुणाची मान खाली जाते, भांडण याचं आहे.

नाव बघा. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवाला नाव काय दिलं गेलं? अश्वमेध! कुण्या पंडिताच्या टाळक्यातून निघालं ठाऊक नाही, पण साल्यानं नकळत खरं बोलून टाकलं. अश्वमेधात घोडा वर्षभर धावतो. जमीन राजाची होते. दक्षिणा भटाला मिळते. घोड्याला काय मिळतं? सुरी. धावणाऱ्याचा बळी, धाववणाऱ्याचा जयजयकार. एकलव्याचा अंगठाही दक्षिणाच होती की! आणि तो कापून घेणाऱ्या द्रोणाच्या नावानं १९८५ पासून या देशात उत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार दिला जातो.

आता म्हणाल, हा नुसता शब्दांचा खेळ. बरं, माणसाचं उदाहरण घ्या. खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८ ला लंडनला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या पैशानं. सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर सरकारपुढं हात पसरावे लागले. हात रिकामेच राहिले. शेवटी कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावानं, ओळखीपाळखीच्यांनी हातभार लावला. खाशाबानं कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली आणि हा गडी काय करायला लागला? कुस्त्यांचे फड लावून पैसे जमवायला. प्राचार्यांचं घर सोडवायला! १९८४ ला अपघातात गेला. अर्जुन पुरस्कार मेल्यानंतर. आपली पुस्तकं हा त्यागाचा धडा म्हणून शिकवतात. मी याला गुन्ह्याचा पंचनामा म्हणतो. खर्डेकर मोठा माणूस, त्यांना सलाम. पण मास्तरचं घर गहाण पडल्याशिवाय पैलवान आखाड्यात पोचत नसेल, तर त्या देशाच्या क्रीडा खात्याला टाळं लावा!

इथं कुणी शहाणा म्हणेल, अमेरिकेकडं बघा. तिथं विद्यापीठाचे माजी विद्यार्थी खेळासाठी दरवर्षी मोप पैसा देतात. बघू या. तिथं वार्षिक देणगी देणाऱ्याला स्टेडियममध्ये मोक्याच्या खुर्चीचा हक्क मिळतो. म्हणजे तिथंही खुर्चीच. आणि ज्यांच्या घामावर ही स्टेडियमं भरतात, त्या फुटबॉल-बास्केटबॉलच्या मोठ्या संघांत काळ्या पोरांची भरती. त्या पोरांना स्वतःच्या नावावर, स्वतःच्या चेहऱ्यावर पैसा कमवायची मुभा कधी मिळाली? जुलै २०२१ मध्ये. तोवर त्यांचं नाव विकायचं दुसऱ्यांनी, त्यांनी फक्त पळायचं.

आणि त्याच अमेरिकेतले टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस. सॅन होजे स्टेट कॉलेजची पोरं. १६ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको. दोनशे मीटर. एक पहिला, एक तिसरा. पदक घ्यायला चढले ते बूट काढून, काळ्या मोज्यांवर, आपल्या लोकांची गरिबी जगाला दाखवायला. आणि काळे हातमोजे घातलेली मूठ वर. त्यांना संघातून काढलं, घरी पाठवलं. त्याच विद्यापीठाच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला २००५ मध्ये, विद्यार्थ्यांच्या पुढाकारानं. सदतीस वर्षांनी! ओकलंडच्या ब्लॅक पँथरकडं पाहून १९७२ ला मुंबईत आपली पँथर उठली. मूठ आपण उचलली. पण त्यांचे ते काढून ठेवलेले बूट आपण पाहिलेच नाहीत. आपल्या पोरांना काढायला बूटच नाहीत.

आता आपलं धोतर आपणच फेडू. कारण शेठला शिव्या घालणं सोपं आहे.

भंडारा-गोंदिया म्हणजे शंकरपटाचा मुलूख. गावोगाव वर्गणी होते. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला शर्यत बंद केली, २०२३ ला कायदा वैध ठरवून रस्ता मोकळा केला. पटाच्या बैलाला खुराक काय, मालिश काय, झूल काय! त्याच गावात पहाटे धावणाऱ्या पोट्टीला सरपंच विचारतो, “कुठं पळून राहिली वो?” आणि पोट्टे हसतात. हे झालं गावाचं. आपल्या वस्तीचं काय?

मी जयंतीच्या मंडळात होतो. पैसे मोजणाऱ्यांत होतो, हे लपवत नाही. एप्रिलमध्ये आम्ही डीजे आणला. निळा गुलाल, भिंती हादरल्या, म्हाताऱ्यांनी कानांत बोटं घातली. त्याच ऑक्टोबरात वस्तीतल्या एका पोट्टीची क्रॉसकंट्रीसाठी निवड चाचणी होती. नागपूरला. एसटीचं भाडं आणि एका रात्रीची सोय, एवढंच पाहिजे होतं. ती मंडळाकडं आली. मंडळाकडं पैसे नव्हते. डीजेवाल्याची बाकी अजून फिटायची होती. ती गेली नाही. पुढच्या वर्षी तिनं धावणं सोडलं, त्याच्या पुढच्या वर्षी कॉलेज. तिचा अंगठा कुण्या द्रोणानं नाही कापला. आम्ही कापला. मी कापला. बाबासाहेबांच्या फोटोसमोर, डीजेच्या तालावर.

१५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्माच्या कामासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा द्यायला सांगितलं. ती देणगी नव्हती. तो फलकावर नाव रंगवायचा सौदा नव्हता. ती आपल्या माणसांनी आपल्या कामासाठी काढायची वर्गणी होती. आपण तो विसावा हिस्सा विसरलो आणि स्पीकरचा आवाज वीसपट केला.

म्हणून मुंबई-पुणे-नागपूरच्या होस्टेलांत बसून हे वाचणाऱ्या दोस्ता, तुला नुसतं वाचून मान डोलवायला मी हे लिहीत नाही. कामं सांगतो.

एक. तुझ्या कॉलेजात माहिती अधिकाराचा अर्ज टाक. २००५ चा कायदा आहे, दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अनुदानित कॉलेज त्यातून सुटत नाही. विचार : खेळाचं शुल्क किती जमलं, कशावर गेलं, पोरींवर किती गेलं? उत्तर आलं की नोटीस बोर्डावर चिकटव.

दोन. पावतीबुक हातात देऊन खेळाडूला दारोदार फिरवत असतील तर पावतीबुक परत कर. सगळ्यांनी मिळून कर. एकट्यानं केलं तर ट्रॅकसूट जातो, सगळ्यांनी केलं तर प्रथा जाते.

तीन. कंपन्यांपुढं हात जोडू नको. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले आहेत, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण आहे. देणगीदाराला करात सूट मिळू शकते. विड्या वळणाऱ्या मायनं दिलेल्या दहा रुपयांवर कुठली सूट? मग उपकार कुणाचे कुणावर? कायद्याचा पैसा कायद्यानं माग.

चार. पुढच्या चौदा एप्रिलला वस्तीत धावणाऱ्यांची वर्गणी काढ. दरवर्षी काढ. दहा रुपयेही चालतील. आधी पोरींचे बूट आणि भाडं, मग बाकी सगळं. हिशोब विहाराच्या भिंतीवर, खडूनं, सगळ्यांना वाचता येईल असा. कुण्या नेत्याचं नाव नको, फोटो तर नकोच.

एक मित्र म्हणाला, “अबे, अशानं सरकार मोकळं सुटेल. त्याची जबाबदारी आपण का घ्यावी?” बरोबर बोलला. पण सरकारशी भांडण वीस वर्षं चालतं, आणि पोट्टीचं धावायचं वय चार वर्षांचं असतं. वर्गणी सरकारला सोडायला नाही, भांडण चालू असताना पोट्टी मैदानातून जाऊ नये म्हणून. ज्यानं स्वतः दहा रुपये टाकलेत, तोच लाखाचा हिशोब छाती ठोकून मागतो. फुकटात बसलेला मागत नाही. तो टाळ्या वाजवतो.

माय आता विड्या वळत नाही, बोटं वाकडी झालीत. परवा तिला सांगितलं, वर्गणीची वही सुरू केली म्हणून. तिनं लुगड्याच्या गाठीतून दहाची नोट काढली. मी घेऊन खिशात घालत होतो, तर हात धरला.

“पावती फाड आंधी.”

फाडली. एक नंबरची पावती मायच्या नावाची आहे. तुझी कितव्या नंबरची?

जय भीम!