चार स्क्रूंचा बाजार

जुना फेंडर जॅझ बेस विकत घ्यायला आलेला जाणकार माणूस आधी तो वाजवून बघत नाही. तो स्क्रूड्रायव्हर मागतो. या गिटारच्या अंगावर नॉब बसवलेली क्रोमची एक पट्टी असते. तिचे तीन स्क्रू काढून ती उलटी केली की आतल्या पोटेन्शिओमीटरची, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ‘पॉट’ची, पाठ दिसते. मोबाइलचा दिवा तिरका धरला तर पत्र्यावर ठोकलेला आकडा वाचता येतो, समजा १३७६६१२. पहिले तीन अंक कारखान्याचे. १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ असेल तर स्टॅकपोल. पुढचे दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे हा पॉट १९६६ सालच्या बाराव्या आठवड्यातला. विकणारा जर छातीठोकपणे ‘बेस १९६४ चा आहे’ म्हणत असेल, तर एक तर पॉट बदललेला आहे किंवा गोष्ट रचलेली आहे. दोन्हींत भाव खालीच येणार.

उलट बाजूने मात्र हा हिशेब चालत नाही. फेंडर कंपनीने १९६६ मध्ये पॉटचा एवढा मोठा साठा विकत घेऊन ठेवला की तो पुढे दोन-तीन वर्षं पुरला. त्यामुळे १९६९ च्या बेसमध्येही १९६६ चा पॉट बिनदिक्कत सापडतो. पॉट एवढंच सांगतो की वाद्य याच्या आधीचं नाही. नेमकं कधीचं, ते सांगत नाही. म्हणून जाणकार पुढे मानेकडे वळतो.

बेस गिटारची मान, म्हणजे नेक, धडाला चार स्क्रूंनी जोडलेली असते. ते काढले की मान धडापासून सुटते आणि तिच्या टोकाला लाकडावर तारीख सापडते. १९६२ च्या सुरुवातीपर्यंत ती पेन्सिलीने लिहीत, पुढे रबरी शिक्का आला. ही तारीखसुद्धा मानेची, अख्ख्या वाद्याची नव्हे. मागच्या पत्र्यावर कोरलेल्या क्रमांकावर तर फारसा भरवसा कुणी ठेवतच नाही, कारण कारखान्यात ते पत्रे डब्यातून हाताला येतील तसे उचलून लावले जात. शिवाय तो पत्रा धरून ठेवणारे स्क्रूही तेच चार. पत्रा बदलायला पाच मिनिटं लागतात.

हे सगळं ज्याच्यामुळे झालं त्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याने वाद्याकडे पाहिलं तेही दुरुस्तीवाल्याच्याच नजरेने. व्हायोलिनच्या घराण्यातली वाद्यं मान सरसाने चिकटवून बनतात. मान वाकडी झाली की वाद्य महिनाभर कारागिराकडे. लिओने मान चक्क स्क्रूने बसवली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. १९५१ मध्ये त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा बँडमधले बेसवाले माणसाहून उंच डबल बेस मोटारीच्या टपावर बांधून गावोगाव हिंडत, आणि ढोल-ताशांच्या गर्दीत तो कुणाला ऐकूही जात नसे. नवा बेस खांद्याला अडकवता येत होता, ॲम्प्लिफायरला जोडता येत होता, आणि मानेवर पडदे असल्यामुळे सूर नेमका लागत होता. ‘प्रिसिजन’ हे नाव त्या पडद्यांवरून आलं. तार मोकळी कंप पावते ते अंतर लिओने ३४ इंच ठरवलं. १९५७ मध्ये त्याने दोन तुकड्यांचा पिकअप, म्हणजे तारेचा कंप टिपणारा भाग, बसवला, १९६० मध्ये दोन पिकअपचा जॅझ बेस आणला.

त्यानंतर फार काही बदललेलं नाही. आज कुठल्याही दुकानात भिंतीवर टांगलेले बहुतेक बेस याच दोन आराखड्यांची मुलंबाळं आहेत, लांबी तीच ३४ इंच. त्यामुळेच या वाद्याचा सेकंडहँड बाजार इतका तगडा आहे. साठ वर्षांपूर्वीचा बेस आजच्या ॲम्प्लिफायरला लावून आज संध्याकाळच्या कार्यक्रमात वाजवता येतो, आणि आजच्या बेसची मान बहुतेक वेळा थोड्याफार खटपटीने त्याच्या धडावर बसते. जिथे सगळं सगळ्याला बसतं, तिथे काय मूळचं आणि काय नंतर बसवलेलं, याची हेरगिरी आपोआप सुरू होते.

जानेवारी १९६५ मध्ये लिओने कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. संग्राहकांच्या पंचांगात इथे रेघ मारलेली आहे. त्याआधीचे ते ‘प्री-सीबीएस’, त्यांना सोन्याचा भाव. नंतरचे ते नंतरचे. मालक बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी कारागीर बदलले नव्हते, लाकूडही बदललं नव्हतं. पण बाजाराला रेघ लागते. जाणकारांचा आणखी एक ढोबळ हिशेब असा की मूळ रंग खरवडून नवा दिलेला असेल तर किंमत साधारण निम्मी. रंग उडालेला, घामाने काळवंडलेला, सिगारेटचे चटके बसलेला बेस चालतो. छान चकचकीत करून आणलेला चालत नाही.

सीबीएसच्या काळाची बदनामी पुढे खरोखर ओढवली ती सत्तरच्या दशकाच्या मध्याला, जेव्हा जॅझ बेसच्या मानेचे चार स्क्रू काढून तीन केले गेले. धड-मानेचा सांधा नीट कापलेला नसेल तर मान डगमगायची, धडंही जड झाली होती, आणि ‘तीन स्क्रूवाला’ ही बेसवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं शिवी होती. गंमत अशी की बेसवादक मार्कस मिलरने ज्याच्यावर उभी कारकीर्द केली तो १९७७ चा जॅझ बेस तीन स्क्रूंचाच. न्यू यॉर्कच्या गिटार-कारागीर रॉजर सॅडोवस्कीने त्यात बॅटरीवर चालणारा प्रीअँप बसवून दिला, आणि त्या आवाजाच्या मागे अख्खी पिढी धावली. ‘रश’ बँडच्या गेडी लीला त्याचा १९७२ चा काळा जॅझ बेस मिशिगनमधल्या कलामझू गावी गहाणवटीच्या दुकानात सुमारे २०० डॉलरला मिळाला. फेंडरने १९९८ मध्ये त्याच्या नावाचं मॉडेल काढलं ते त्या गहाणवटीच्या नगावरून. ज्या सालांना पूर्वी कुणी विचारत नव्हतं त्यांचेही भाव आता चढलेत. जुनं व्हायला वेळ पुरेसा असतो, चांगलं असणं दर वेळी लागतंच असं नाही.

संग्राहकांचे नियम बेसवादक जॅको पास्टोरियसच्या बेसला लावून पाहावेत. १९६२ चा जॅझ बेस, प्री-सीबीएस, म्हणजे उत्तम कूळ. पण त्याचे पडदे उपटून काढलेले, भेगा बुजवलेल्या, मानेवर बोटींना लावतात त्या इपॉक्सीचे थर चढवलेले. कागदावर हा खराब केलेला माल. प्रत्यक्षात पडद्यांविना बेस कसा गातो हे जगाने याच वाद्यावर ऐकलं. १९८६ मध्ये तो न्यू यॉर्कमध्ये नाहीसा झाला, पुढच्याच वर्षी जॅको गेला. वीस वर्षांनी वाद्य सापडलं तेव्हा मालकी कुणाची यावर वाद पेटला, आणि अखेर २०१० मध्ये ‘मेटॅलिका’चा बेसवादक रॉबर्ट ट्रुहिलो पैसे भरून मध्ये पडला म्हणून तो मिटला. चोरी हा या बाजाराचा जुना आजार आहे. मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डांवर वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सनचा १९६२ चा प्रिसिजन १९८३ मध्ये त्याच्या मृत्यूच्या काही दिवस आधी चोरीला गेला तो गेलाच. पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला तीसेक पौंडांत घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर १९७२ मध्ये लंडनमध्ये व्हॅनमधून गेला, आणि एका घराच्या पोटमाळ्यावरून परत आला तो एक्कावन्न वर्षांनी.

शनिवारी संध्याकाळी मित्रांबरोबर वाजवणाऱ्या हौशी माणसाला या नगांच्या वाऱ्यालाही उभं राहता येत नाही. त्याचा व्यवहार काहीशे डॉलरचा, आपल्याकडे काही हजारांचा: स्क्वायर, मेक्सिकोत बनलेला फेंडर, यामाहा, आयबानेझ, कॉर्ट, फार झालं तर म्युझिक मॅनचा स्टिंगरे. या पट्ट्यात जपानी मालाला खास मान आहे, आणि तो बराचसा रास्त आहे. सत्तरच्या दशकात जपानी कारखाने अमेरिकी वाद्यांच्या इतक्या चोख नकला करू लागले की १९८२ मध्ये फेंडरने मात्सुमोतोच्या फुजिजेन कारखान्याशी हातमिळवणी करून ‘फेंडर जपान’ काढली. त्या पहिल्या मालिकेच्या क्रमांकाआधी ‘जेव्ही’ ही अक्षरं असतात, आणि ती दिसली की विकणाऱ्याचा आवाज बदलतो. पण याच पट्ट्यात एक बनेल शब्दही फिरतो: ‘लॉसूट’. कोणतीही जुनी जपानी नक्कल विकताना ‘लॉसूट काळातली आहे’ म्हणायचं, जणू ती इतकी अस्सल होती की अमेरिकनांनी कोर्ट गाठलं. खटला प्रत्यक्षात एकच. १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिनने आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर, मानेच्या शेंड्याच्या आकारावरून, फिलाडेल्फियात तो दाखल केला, आणि १९७८ मध्ये तो तडजोडीने मिटला. तेवढ्या भांडवलावर पन्नास वर्षं माल खपतो आहे.

तुलना हा हौशींचा दुसरा धंदा. आल्डर की ॲश, मेपल की शिसव, यावर रात्री जागवल्या जातात. यातल्या बहुतेक झुंजी सुरू होण्याआधीच निकालात निघालेल्या असतात, कारण एका बेसवर महिन्यापूर्वीच्या तारा असतात आणि दुसऱ्यावर दोन वर्षांपूर्वीच्या. नव्या तारेचा आवाज काशासारखा खणखणतो, जुनीचा दबतो. लाकडाचा फरक असलाच तर त्यापुढे कुठल्या कुठे राहतो. दुसरी फसगत आवाजाच्या पातळीची. जो बेस किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, म्हणून दोन्ही एकाच पातळीवर आणल्याशिवाय तुलना निरर्थक. तिसरी सगळ्यांत लबाड. दुकानात एकट्याने वाजवताना खालचा खर्ज आणि वरचा चमचमाट वाढवलेला बेस मन जिंकतो, आणि ड्रम-गिटारच्या बरोबर उभा राहिला की गायब होतो. प्रिसिजन एकटा वाजवला तर काहीसा रूक्ष, पण त्याचा जोर मधल्या पट्टीत असल्याने बँडमध्ये तोच ऐकू येतो. मोटाउनच्या रेकॉर्डांवर जेमर्सन ऐकू येतो तो असा. त्याच्या बेसवर ला बेला कंपनीच्या जाड, गुळगुळीत गुंडाळीच्या तारा होत्या आणि तुटेपर्यंत तो त्या बदलत नसे. वाजवायचा बहुतांशी एका तर्जनीने. हे सगळं आज तारांच्या एका पाकिटाच्या किमतीत मिळतं, तर्जनी सोडून.

शिसवीचा उल्लेख आलाच आहे तर तिची गोष्ट आपल्या घाटापर्यंत येते. फेंडरने १९५९ पासून बेसच्या मानेवर शिसवीची पट्टी लावायला सुरुवात केली. ती साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्राझीलची होती, मग भारताची. सह्याद्रीत वाढते तीच जात. ब्राझिलियन शिसवीवर १९९२ मध्ये साइट्स या, धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या कराराने सर्वांत कडक बंदी घातली, त्यामुळे शिसवीच्या पट्टीचा प्री-सीबीएस बेस देशाबाहेर विकायचा तर आजही परवान्यांची थप्पी लागते. जानेवारी २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्याच जाती करारात आल्या आणि साधा भारतीय शिसवीचा बेसही सरहद्दीपार विकणं जिकिरीचं झालं. फेंडरने मेक्सिकोतल्या कारखान्यात पाऊ फेरो हे दुसरं लाकूड घेतलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, ब्राझिलियन शिसव सोडून. पण पाऊ फेरोच्या त्या दोन-तीन वर्षांच्या बेसना गिऱ्हाईक अजून नाक मुरडतं, कान बंद करून.

ॲम्प्लिफायरचं सांगायचं तर वजनाने त्या बाजाराचं कंबरडं मोडलं. ॲम्पेगचा १९६९ चा एसव्हीटी ३०० वॉटचा, आत चौदा व्हॉल्व्ह, नुसतं हेड चाळीस किलोच्या घरात. खाली आठ स्पीकरची पेटी, जिला वादक सरळ ‘फ्रिज’ म्हणतात. आता तेवढ्या वॉटचं हेड पाठीवरच्या पिशवीत मावतं. जुना एसव्हीटी विकायला निघाला की जाहिरातीत ‘स्वतः येऊन न्यावा’ असतंच, आणि चार माणसं बरोबर आणण्याची सूचनाही.

वापरलेला बेस घेताना हौशी माणसाने पॉटचे आकडे नाही वाचले तरी चालेल. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरावी, आणि मध्ये, सातव्या-आठव्या पडद्यापाशी, तार व पडदा यांत कागद सरकेल एवढी फट आहे का बघावं. फट मोठी असेल तर मान पुढे वाकलीय, नसेलच तर मागे. दोन्ही गोष्टी मानेतल्या लोखंडी सळईचा नट फिरवून सुधारतात, फक्त तो नट फिरतो का हे पैसे देण्याआधी बघायचं. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तर मान वर्षातून दोनदा हलतेच, त्यात वाद्याचा दोष नाही. पडद्यांवर तारेने खाचा पाडल्यात का, प्रत्येक घरात सूर स्वच्छ येतो का, नॉब फिरवताना खरखर होते का. खरखर फवाऱ्याने जाते. खाचांना खर्च येतो, तो तिथल्या तिथे सांगून वजा करून घ्यावा.

घासाघीस सर्वांत जास्त होते ती सुधारणांवरून. विकणाऱ्याने दोनशे डॉलरचे पिकअप, शंभराचा ब्रिज, वर प्रीअँप असं काय काय बसवलेलं असतं आणि त्याला ते सगळं किमतीत हवं असतं. घेणारा त्याचा एक पैसाही देत नाही. त्याचा प्रश्न एकच: मूळचे भाग आहेत का? म्हणून मुरलेला विक्रेता जे काढेल ते खोक्यात नावानिशी जपून ठेवतो, विकायच्या आदल्या रात्री सगळं पुन्हा मूळच्या जागी बसवतो, आणि पिकअप, ब्रिज, प्रीअँपच्या तीन वेगळ्या जाहिराती टाकतो.