विमान पडद्यांत, माणूस उजेडांत

जें झांकावयाचें तें उघडें टाकणें आणि जें उघडें ठेवावयाचें त्यावर पडदा ओढणें, असा उफराटा न्याय सांप्रत विमानप्रवासाच्या प्रांतांत चालू आहे. विमान हें यंत्र आहे. तें सर्वांच्या डोक्यावरून उडतें आणि पुष्कळदां सर्वांच्या पैशावर उडतें. म्हणून त्याची हकीकत लोकांची आहे. प्रवासी हा माणूस आहे. त्याचा चेहरा, त्याचें दुखणें, त्याच्या येण्याजाण्याचें कारण हीं त्याचीं स्वतःचीं आहेत. ही सीमा इतकी स्पष्ट असतां ती पुसली जात आहे, आणि तिचा तोटा मोठ्या शहरांपेक्षां खानदेशासारख्या प्रांतास अधिक सोसावा लागतो.

जळगांवचेंच उदाहरण घ्या. मार्च २०१२ मध्यें तत्कालीन राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांच्या हस्तें तेथील विमानतळाचें उद्घाटन झालें. परंतु 'उडान' योजनेखालीं मुंबईचें विमान सुटावयास डिसेंबर २०१७ उजाडला, आणि तीहि सेवा अल्पावधींतच बंद पडली. पुढें दुसऱ्या कंपन्या आल्या. ह्या योजनेंत कंपनीची तूट भरून देण्याचा पैसा येतो कोठून? मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर बसविलेल्या आकारांतून आणि राज्याच्या तिजोरींतून. मग महिन्यांत किती फेऱ्या रद्द झाल्या, कां झाल्या, आणि तुटीपोटीं किती रक्कम दिली गेली, हें विमानतळाच्या दाराशीं फळ्यावर लिहून लावण्यास प्रत्यवाय कोणता? २०२३ सालीं महालेखापरीक्षकांचा अहवाल आला, तेव्हां देशाला कळलें कीं, मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकीं ४०३ सुरूच झाले नव्हते, आणि सवलतीची तीन वर्षांची मुदत उलटल्यावरहि चालू राहिलेले मार्ग अवघे ५४ होते. ज्याच्या खिशांतून पैसा गेला त्याला एवढें कळावयास सहा वर्षें लागावींत, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

पैशाहून प्राणाचा प्रश्न मोठा. धुळ्याच्या आणि शिरपूरजवळच्या धावपट्ट्यांवरून शिकाऊ वैमानिकांचीं विमानें उडतात. १६ जुलै २०२१ रोजीं असेंच एक विमान चोपडा तालुक्यांतील वर्डी गांवाजवळ सातपुड्याच्या रानांत कोसळलें. शिक्षक जागींच गेले. जखमी प्रशिक्षणार्थीला रानांतल्या आदिवासी बांधवांनीं झोळी करून खांद्यावरून खालीं आणलें. विमान कोणत्या अवस्थेंत होतें, कां पडलें, पुन्हां पडूं नये म्हणून काय केलें, हें जाणण्याचा पहिला हक्क ह्या खांदे देणाऱ्यांचा आहे. जखमीचें छायाचित्र व वैद्यकीय हकीकत मात्र कोणाच्याच हक्काची नाहीं. तरी अशा प्रसंगीं होतें काय? छायाचित्रें घटकाभरांत हातोहात फिरतात, आणि कारणांचा अहवाल कालांतरानें इंग्रजींत निघतो.

वास्तविक ह्या बाबतींत जगानें विवेक पूर्वींच केलेला आहे. १९४४ च्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टांत असा दंडक आहे कीं, अपघाताचा अंतिम अहवाल शक्यतों बारा महिन्यांत प्रसिद्ध करावा, आणि तो न झाल्यास प्रत्येक वर्षदिनीं तपास कोठवर आला तें जाहीर करावें. त्याच परिशिष्टांत वैमानिकांचें मुद्रित संभाषण, साक्षीदारांचे जबाब व संबंधितांची वैद्यकीय माहिती यांस संरक्षण दिलें आहे. यंत्राचें उघड, माणसाचें झांकलेलें, हा तो विवेक होय.

यावर आक्षेप येतो कीं, विमानाची माहिती खुली केली तर त्यांत बसणाऱ्याचा माग लागतो. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. मोठीं विमानें आपली ओळख, उंची व वेग आकाशांत स्वतःच पुकारीत जातात. नवी नवरी नांव घ्यावयास लाजेल, पण विमान लाजत नाहीं. रेडिओसारखें एक स्वस्त यंत्र घेऊन कोणासहि ती हांक ऐकतां येते. ह्याच आधारावर अमेरिकेंत एका तरुणानें ईलॉन मस्क यांच्या खासगी विमानाच्या हालचाली जाहीर केल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्यें मस्क यांच्या मालकीच्या ट्विटरनें तें खातें बंद केलें. स्वतःच्या पैशानें स्वतःच्या विमानांत बसणाऱ्यास थोडी आडोशाची सोय द्यावयास आमची हरकत नाहीं. परंतु तिकीट विकणाऱ्या कंपनीनें, शुल्क घेऊन उड्डाण शिकविणाऱ्या संस्थेनें किंवा सरकारी खर्चानें फिरणाऱ्या मंत्र्यानें ती सोय मागूं नये. दुकान मांडून बसणाऱ्यानें तराजू झांकून ठेवावयाचा नसतो.

आतां प्रवाशाची स्थिति पाहा. डिसेंबर २०२२ मध्यें दिल्ली, बंगळूर व वाराणसी येथें 'डिजि यात्रा' सुरू झाली आणि पुढें पुणें-मुंबईसह अनेक विमानतळांवर पसरली. तींत माणसाचा चेहरा हाच त्याचा दाखला. ती ऐच्छिक आहे असें सांगतात. तथापि नीट न विचारतां चेहरा टिपल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. हा कारभार पाहणाऱ्या प्रतिष्ठानांत सरकारी विमानतळ प्राधिकरणाचा भाग स्थापनेच्या वेळीं केवळ २६ टक्के होता. म्हणजे जळगांवचा केळीचा व्यापारी पुण्याहून दिल्लीस निघाला तर यंत्रानें त्याला तोंडावरून ओळखावें, आणि कालचें विमान कां रद्द झालें असें त्यानें विचारल्यास 'तांत्रिक कारण' हे दोन शब्द ऐकून त्यानें मुकाट्यानें घरीं जावें!

त्यांतच माहिती-अधिकाराच्या २००५ च्या कायद्याला कात्री लागली. पूर्वीं वैयक्तिक माहिती सार्वजनिक कार्याशीं संबंध नसेल किंवा विनाकारण कोणाचा एकांत मोडत असेल तरच नाकारतां येई. २०२३ च्या विदा-संरक्षण कायद्यानें ह्या अटी गाळल्या, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती दुरुस्ती अंमलांत आली. लोकहितासाठीं माहिती देण्याचें निराळें कलम शिल्लक आहे. पण तें वापरणें अधिकाऱ्याच्या विवेकावर अवलंबून. प्रवाशासाठीं मागितलेला पडदा अशा रीतीनें कचेरीच्या खिडकीला लागला.

आमचें मागणें फार नाहीं. सरकारी मदतीवर चालणाऱ्या प्रत्येक मार्गाच्या फेऱ्यांचा व पैशाचा हिशेब दरमहा त्याच विमानतळावर लागावा; अपघाताचा अहवाल मराठींत होऊन त्या गांवच्या चावडीवर वाचला जावा; आणि चेहरा न दाखवितां कागदी तिकिटावर आंत जाणाऱ्यास रांगेंत तिष्ठावें लागूं नये. खानदेशच्या लोकप्रतिनिधींनीं पुढच्या विमानसेवेची फीत कापण्यापूर्वीं एवढें पदरांत पाडून घ्यावें.