दमडी मशीद आणि आमची भिंत

गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातली एक लांबलचक भिंत रंगवली गेली. ठेकेदाराची माणसं आली, दोन दिवसांत झाडं, मोर आणि स्वच्छतेचा संदेश काढून गेली. आम्हाला कुणी विचारलं नाही, आम्हीही कुणाला विचारलं नाही. चार महिन्यांत मोरावर पानाच्या पिचकाऱ्या आणि क्लासच्या जाहिराती. मी चिडले, तर धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "आपलं काय जातंय? भिंत त्यांची, रंग त्यांचा."

हे 'त्यांचं' मला सलत राहिलं. शहर आता अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच आहे. पण त्यातली एखादी भिंतसुद्धा आपली वाटू नये?

भुईकोट किल्ल्याजवळची दमडी मशीद तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलीय? साहिरखानाने ती १५६७च्या सुमारास बांधली, असं इतिहास सांगतो. लोक वेगळं सांगतात. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ती उभी राहिली. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं म्हणणाऱ्या आपल्या मुलखात ही गोष्ट इतकी वर्षं टिकली, यातच तिचं मोल आहे. मशीद लहानशी आहे. पण दगडावरची वेलबुट्टी, फुलं जवळ जाऊन बघा. गाजावाजा नाही, तिकीट नाही. ज्याने दमडी दिली, तो येताजाता म्हणत असेल, यात माझंही काही आहे.

आणि मोहरम? ताबूत असावेत की नसावेत यावर घरोघरी वाद आहेत, माझ्याही घरी आहेत; तो इथे घेत नाही. पण कोठल्याच्या सवारीला चादर चढवायला हिंदू घरंही नवस बोलून येतात, हे नगरच्या कुणालाही ठाऊक आहे. कामट्या, रंगीत कागद, बेगड यांपासून ताबूत बनतो तो अनेकांच्या हातांनी, रात्री जागून. त्या रात्रींमध्ये ओळखी होतात.

म्हणून मला वाटतं, भिंतीवर काय काढलं यापेक्षा ते कुणी मिळून काढलं, हे महत्त्वाचं. "मुसलमान पोरांनी चित्रं काढायची?" हा प्रश्न येणारच. चेहरे नको असतील तर नकोत. वेली, भौमितिक नक्षी, अक्षरं हा तर आपलाच खजिना आहे, आणि अक्षरं मराठीही असू शकतात.

रंगवलेली भिंत दंगल थांबवते, एवढी भोळी मी नाही. पण मोबाइलवर एखादी अफवा फिरू लागते, तेव्हा पलीकडच्या आळीतल्या चार मुलांचे नंबर आपल्याकडे असणं आणि नसणं, यात फार फरक पडतो. ते नंबर शांतता समितीच्या बैठकीत मिळत नाहीत. तिथे आपले चाचा आणि त्यांचे काका एकमेकांना हार घालतात, चहा पितात, घरी जातात. एका डब्यात ब्रश बुडवताना मात्र नाव विचारावंच लागतं.

पावसाळा सरला की त्या भिंतीचे पोपडे निघतील. घरटी दहा रुपये काढायचं ठरलंय. परवानगीचा अर्ज मी लिहून ठेवलाय, मराठीतच. पलीकडच्या आळीत विचारायला मी जाणार आहे. चुलतभाऊ अजून तयार नाही, पण ब्रशची किंमत मात्र त्यानेच काढून आणलीय.