पिशवी काढण्याआधी

दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यातल्या पालम, गंगाखेडकडचे ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस पडून राहिलं तरी खाडा, म्हणजे दंड, बसतो, म्हणून ओटीपोटात कळा येत असल्या तरी बाई डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढते. अगदीच असह्य झालं की खासगी दवाखाना, सोनोग्राफी आणि ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला.

शेजारच्या बीडमध्ये याचा हिशेब २०१९ मध्ये पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पुढे तिथल्या खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. ते योग्यच झालं. पण परवानगी नाकारली म्हणून बाईचं पोट दुखायचं थांबत नाही. तिला दुसरं काय द्यायचं?

एक उत्तर फिजिओथेरपीच्या खोलीत आहे. तिथलं टेन्स नावाचं यंत्र मोबाइलएवढं असतं, सेलवर चालतं. चिकट पट्ट्या ओटीपोटावर किंवा कमरेवर लावायच्या. त्यांतून सौम्य वीज जाते आणि वीस-तीस मिनिटं मुंग्या आल्यासारखं वाटतं. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं, की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवतात. टेन्सचा आधार तोच. पाळीच्या दुखण्यात त्याचा उपयोग अभ्यासांतून दिसला आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये ११ ते १८ वर्षांच्या मुलांच्या आतड्याशी निगडित पोटदुखीसाठी कानामागे बसवायच्या, बारीक सुयांतून अशीच सौम्य वीज देणाऱ्या उपकरणालाही मान्यता दिली.

मात्र वर्षानुवर्षांच्या प्रत्येक पोटदुखीवर टेन्स चालतं असा पुरावा नाही. आधी जंतुसंसर्ग, गाठी, एन्डोमेट्रिओसिस, खडे शोधलेच पाहिजेत. पेसमेकर असलेल्यांना ते लावू नये, गरोदरपणी पोटावर तर नाहीच. आणि आराम पडला म्हणून तपासणी टाळली, तर नुकसान बाईचंच.

तरीही एरवी गुडघे-कमरेच्या दुखण्यावर वापरलं जाणारं हे यंत्र तेवढ्यापुरतंच का ठेवायचं? ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी पालममध्येच सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासावं, संसर्गावर औषध द्यावं, आणि जिला चालेल तिला यंत्र वापरायला शिकवून सोबत द्यावं. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वीज नसली तरी ते चालतं. खर्च कारखान्यांनी उचलावा; साखर त्यांच्या गोदामात जाते.