नकार मिळायला अर्धा सेकंद जास्त लागला आणि लिनक्समधला चोरदरवाजा उघडा पडला

इंटरनेटला जोडलेला कुठलाही लिनक्स सर्व्हर घ्या. सुरू झाल्यावर थोड्याच वेळात बॉट 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट' अशी नावं टाकून त्याचं दार ठोठावू लागतात. दुरून लॉगिन करायच्या या मार्गाला एसएसएच म्हणतात. फसलेला प्रत्येक प्रयत्न लॉगमध्ये नोंदला जातो. नोंदींचा ढीग इतका होतो की तो सहसा कुणी वाचत नाही. 'फेल-टू-बॅन'सारखं टूल काही चुकांनंतर तो आयपी ॲड्रेस ब्लॉक करतं आणि विषय तिथेच संपतो.

मार्च 2024 मध्ये तो संपला नाही. मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर अँड्रेस फ्रॉइंड पोस्टग्रेस डेटाबेसचा वेग मोजत होते. त्यात त्यांना दिसलं, की चुकीच्या युजरनेममुळे लगेच फसणारे लॉगिनही प्रोसेसरवर भलताच ताण देत आहेत. त्यांनी अस्तित्वात नसलेल्या नावाने स्वतः लॉगिन करून पाहिलं. आधी साधारण 0.3 सेकंदात येणारा नकार आता 0.8 सेकंदांनी येत होता.

कारण निघालं 'एक्सझेड' या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. काही लिनक्स प्रणालींत एसएसएच सुरू होताना त्याची लायब्ररीही लोड होते. 'जिया टॅन' नाव लावणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून या प्रकल्पात विश्वास कमावला आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. 29 मार्चला फ्रॉइंड यांनी तो जाहीर केला. तोवर तो मुख्यतः डेबियन, फेडोरा यांच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंतच पोहोचला होता. थोडक्यात निभावलं!

गोम अशी, की या दाराने शिरणाऱ्याला पासवर्ड लागतच नव्हता, त्याच्याकडची गुप्त की पुरेशी होती. म्हणजे फसलेल्या लॉगिनचे आकडे कितीही मोजले, तरी तो त्यात दिसला नसता. दिसला तो नेहमीच्या वेळेत पडलेला फरक.

भारतात सर्ट-इनच्या 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी 180 दिवसांचे लॉग जपायचे असतात. ते उघडून बघायचे कधी, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी घटना घडल्यावरच पडतो. बघायचंच असेल, तर एकूण आकड्यापेक्षा शेकडो अपयशांनंतर त्याच आयपी ॲड्रेसवरून यशस्वी झालेलं एखादं लॉगिन आधी शोधावं.