मोबाईल धरायला कुणीतरी हवं

दिवाळीच्या सुट्टीत कळवणला मावसबहिणीकडे गेले होते. तिथे ताईने माझ्यावर एक काम सोपवलं. मोबाईल धरायचं. माझा भाचा साडेतीन वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, अजून बोलत नाही. दर बुधवारी चार वाजता पुण्याहून थेरपिस्टचा व्हिडिओ कॉल येतो. एवढंसं पोर स्क्रीनसमोर बसणार कसं, हा माझा पहिला प्रश्न. तर ते बसतच नाही! थेरपिस्ट त्याच्याशी फारसं बोलतही नाहीत. त्या बघत असतात ताईकडे.

भाचा डब्याचं झाकण फरशीवर फिरवत होता. ताईचं नेहमीचं सुरू झालं, 'हे काय आहे? डबा म्हण. म्हण ना, ड-बा.' फोनमधून आवाज आला, 'ताई, जरा थांबा. प्रश्न नको. तो करतोय तेच तुम्ही करा.' ताईने दुसरं झाकण घेतलं, फिरवलं, 'गोल गोल' म्हणाली आणि गप्प बसली. ते दहा-पंधरा सेकंद मला जाम अवघड गेले. मग त्याने आपलं झाकण उचलून ताईच्या हातात दिलं आणि तिच्याकडे बघितलं. शब्द एकही नाही. पण 'आता तू फिरव' हे सांगितलंच ना त्याने?

हे काही कालपरवाचं फॅड नाही. ब्रिटनमधल्या 'पॅक्ट' या पद्धतीवरून गोव्यातली 'संगाथ' संस्था आणि रावळपिंडीतले संशोधक यांनी आपल्याकडच्या घरांना चालेल असा 'पास' कार्यक्रम तयार केला. पालक आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, तोच पालकांसोबत बघायचा, कुठे जमलं ते दाखवायचं. शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते होते. 65 मुलांवरचा हा अभ्यास 2016 मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आला. पालक मुलाच्या कलाने घ्यायला लागले आणि मुलंही आपणहून जास्त संवाद सुरू करायला लागली. ऑटिझम 'बरा' झाला असा दावा कुणी केला नाही. तो बरा करायचा आजार नाहीच.

गोव्यात हे समोरासमोर झालं होतं. पण कळवणचं काय? नाशिकला थेरपीला यायचं तर एसटीत ताईचा अख्खा दिवस मोडतो, तोही पाऊण तासाच्या सेशनसाठी. हॉर्नच्या आवाजाने भाचा वाटेतच रडून दमलेला. त्या खोलीत तो कोणती झाकणं फिरवणार? म्हणून 'ऑनलाईन म्हणजे दुय्यम' हे मला इथे पटत नाही. मूल घरी जसं असतं तसंच कॉलवर दिसतं.

याचा अर्थ तालुक्याला थेरपिस्ट नकोत असा कुणी काढू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. आई-वडील शिकले म्हणून सरकार सुटत नाही. आणि 'पालक' म्हणजे बहुतेक घरांत आईच, हेही आहेच. स्वयंपाक, शेत, वर हा गृहपाठ.

आपण काय करू शकतो? थेरपिस्ट बनायला जाऊ नका, प्लीज. नात्यात, शेजारी असं घर असेल तर आठवड्यातून तासभर कॅमेरा धरा, हॉटस्पॉट द्या. मूल पळालं की त्याच्यामागे फोन घेऊन पळावं लागतं, आणि आईचे दोन्ही हात मोकळे हवेत.

मी आता नाशिकला परतलेय. पहिल्या बुधवारी ताईने फोन तांदळाच्या डब्याला टेकवला आणि अर्धा वेळ थेरपिस्टना भिंत दिसली. भाऊजी कांद्याच्या रोपांना पाणी देत होते. त्यांना सांगितलंय, चार ते पावणेपाच रोपं कुठे पळून जात नाहीत.